पार्वतीबाईला आणखी एक हिवाळा गरीब ठेवण्याबाबत

महोदय, संघपाल चांगला माणूस होता. त्याला तुम्ही बिघडवलंत. हा आरोप आहे, विनंती नव्हे. तेव्हा ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून तो खालच्या टेबलाकडं सरकवू नका. लाच देऊन बिघडवलं असतंत तर एक वेळ समजलं असतं. लाचेला निदान लाच म्हणता येतं, घेणाऱ्याला इकडंतिकडं बघावं लागतं. तुम्ही त्याला योजना देऊन बिघडवलंत. मान ताठ ठेवून, सत्काराची शाल पांघरून तो बिघडला.

आता पहिल्यापासून ऐका.

संघपाल आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढला. वडील रावसाहेब वर्ध्याहून कारकुनीच्या परीक्षेला दिल्लीत आले आणि एका मंत्रालयाच्या आवक-जावक टेबलावरून चढत चढत सेक्शन ऑफिसर झाले. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखालची भिंत मोकळी होती. ती मुलाच्या वकिलीच्या सनदेसाठी राखीव आहे, असं रावसाहेब पाहुण्यांना पोरगा चौथीत असल्यापासून सांगत. पोरगा मोठा झाला तोवर देश खुला झाला होता. शेतं जाऊन तिथं कॉलेजं उभी राहिली होती आणि कॉलेजच्या गेटातच बँक टेबल मांडून बसली होती. एका टेबलावर प्रवेश, शेजारच्या टेबलावर कर्ज. रावसाहेबांनी दोन्हीकडं सह्या केल्या, सनद आली, भिंत भरली.

बरोबरची मुलं गुडगावच्या काचेच्या इमारतींत गेली. संघपाल गेला गरिबांना फुकट वकील देणाऱ्या विधी साहाय्य कक्षात. मानधन असं, की ते मोजायला बसलं तर त्यागाची मजा जाते. म्हणून तो मोजत नसे. त्यागाची मजा मात्र तो पुरेपूर घेत असे. खादीचा कुर्ता, खांद्याला कापडी झोळी. मित्राच्या लग्नात सगळे सूट घालून आले, हा झोळी घेऊन आला आणि ‘झोळीत काय आहे?’ असं कुणीतरी विचारील याची वाट बघत बिर्याणीच्या रांगेत उभा राहिला. कुणी विचारलं नाही.

कर्ज थकलं. आणि मार्चअखेर रावसाहेब निवृत्त होणार होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं, म्हणून त्यांनी यमुनेपलीकडच्या नव्या वसाहतीत फ्लॅट बुक केला होता. बँकेचं म्हणणं एवढंच, की मुलाच्या कर्जावर तुमचीही सही आहे. ते जुनं निपटवा, मग घराचं नवं घ्या. नाही निपटलं, तर एप्रिलमध्ये संघपालनं काचेच्या इमारतीत नोकरी धरायची किंवा आईवडिलांनी सामान घेऊन रस्त्यावर बसायचं. तिसरा रस्ता कुणाला दिसत नव्हता.

तो नीलमला दिसला. नीलम त्याची धाकटी बहीण. ती गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये ‘नॅन्सी’ या नावानं अमेरिकेतल्या पोरांना त्यांच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते आठवून द्यायची.

“दादा, तिकडं तुझ्यासारख्यांचं कर्ज सरकार फेडतं, माहितीये? गरिबांच्या केसेस लढणाऱ्या वकिलांचं. मी रोज सांगते त्यांना, तुम्ही पात्र असू शकता, सर.”

“आणि मिळतं त्यांना?”

“ते मला काय माहीत यार? माझं काम सांगण्यापुरतं.”

महोदय, त्याच सुमाराला तुमचं एक शिष्टमंडळ तिकडं अभ्यासदौऱ्याला जाऊन आलं. येताना त्यांनी चॉकलेटं आणली आणि ही योजना आणली. ‘लोकसेवारत विधिज्ञ शिक्षणकर्ज प्रतिपूर्ती साहाय्य योजना.’ नाव वाचून होईस्तोवर चॉकलेटं संपली.

योजनेच्या मसुद्यावर सूचना घ्यायला तुम्ही वकिलांची बैठक बोलावलीत. अध्यक्ष चंद्रप्रभा मॅडम, योजना कक्षाच्या संचालक. राहायला सरोजिनी नगरच्या क्वार्टरात, मूळच्या पुण्याच्या. संघपालचं मराठी ऐकून त्या खुलल्या. “अरे, तू आपला! बस, बस. काजूची बिस्किटं घे.” इथवर सगळं ठीक होतं. पण समोरच्या खुर्चीत अंशुमन बसला होता.

अंशुमन संघपालचा कॉलेजातला मित्र. तीन पिढ्या दिल्लीत, आजोबांनी बांधलेला बंगला, आईवडील दोघंही डॉक्टर. यानंही कर्ज काढलं होतं, कारण व्याज स्वस्त पडत होतं. एका मोठ्या फर्ममध्ये काम करून तो शनिवारी गरिबांची सेवा करायचा. एका शनिवारी एक अशील, त्याच्याबरोबर एक फोटो, पुढच्या शनिवारी पुढचा अशील. आता तोही या योजनेत अर्ज करणार, हे बघून संघपालच्या घशात काजूचं बिस्किट अडकलं. तो उभा राहिला.

“मॅडम, एक सुधारणा सुचवतो. अशी सेवा धरू नका की आज एक गरीब, उद्या दुसरा. अट घाला. एकाच अशिलाची, आणि तो अशील प्रत्यक्ष गरजू असेपर्यंतच, सलग तीन वर्षं सेवा केलेली असावी.”

अंशुमनचा चेहरा उतरला. मॅडमनी पेन खाली ठेवून टाळी वाजवली. “बिल्कुल! हे जसंच्या तसं घ्या. शब्द बदलू नका.”

शब्द बदलले नाहीत. त्या दिवशी संघपाल बसनं घरी आला तो न्यायाधीश होऊन आल्यासारखा. आईला, शैलाताईंना, त्यानं ती अट तोंडपाठ म्हणून दाखवली. “छान आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण सगळ्यांनाच लागू आहे ना ही?” आई म्हणजे शेवटी आई, कायद्यातलं तिला काय कळणार, असं म्हणून तो हात धुवायला गेला.

अर्जाच्या छाननीत मॅडमनी त्याला बोलावलं. या वेळी बिस्किटं नव्हती.

“संघपाल, तुमची अडचण सांगू? तुम्ही जिंकता फार.”

“वकील आहे मी, मॅडम.”

“तेच तर. ही बघा तुमची कामं. वॉचमनचा पगार, आठ महिन्यांत मिळवून दिला. विधवेची पेन्शन, वर्षात. पैसे हातात आले की माणूस गरजू राहत नाही. गरजू राहिला नाही की तुमची सेवा तिथं थांबली. तीन वर्षं सलग भरतातच कुठं?”

“म्हणजे मी चांगलं काम केलं म्हणून...”

“चांगलं काम केलंत असं मी कुठं म्हणतेय? तसं म्हणायला वेगळा फॉर्म आहे.” मग आवाज उतरवून, आपलेपणानं, “एक आहे. पार्वती. ही होळीला तीन वर्षं पुरी करते. तेवढी जपा.”

पार्वतीबाई बुंदेलखंडची. नवरा ब्रजलाल एका उभ्या राहणाऱ्या टॉवरच्या स्लॅबवरून पडून गेला. ती त्याच टॉवरच्या मागं पत्र्याच्या खोपटात राहायची आणि विटा वाहायची. कामगार भरपाईचा दावा संघपालनंच लावला, साक्षी झाल्या, युक्तिवाद झाला. नोव्हेंबरच्या तारखेला आदेश व्हायचा होता. आणि आदेश तिच्या बाजूनं होणार हे बिल्डरच्या वकिलालासुद्धा ठाऊक होतं.

नोव्हेंबर आणि होळी यांच्यामध्ये, महोदय, दिल्लीचा हिवाळा येतो.

घरात चर्चा झाली. अख्ख्या नोकरीत रावसाहेबांनी कुणाची फाइल दाबली नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता.

“दाबू नकोस,” ते शेवटी म्हणाले. “दाबणं पाप आहे. प्रलंबित ठेव. त्यात फरक आहे.”

“काय फरक आहे, बाबा?” नीलमनं विचारलं.

“प्रलंबित फाइल टेबलाच्या वर असते.”

शैलाताई म्हणाल्या, “त्या बाईचं पोट आहे रे त्याच्यावर.” कुकरची शिट्टी झाली. मग त्याच म्हणाल्या, “पण एक हिवाळाच ना? मी तिला ब्लँकेट देते. पानिपतहून आणलेलं, नवं आहे.”

संघपालनं स्वतःला बजावलं, की आपण काही वाईट करणार नाही. आपण फक्त एक चांगली गोष्ट जरा उशिरा करणार आहोत.

नोव्हेंबरच्या तारखेला कामगार भरपाई आयुक्तांसमोर पुकारा झाला. बिल्डरचे वकील, पिकल्या भुवयांचे, नेहमीप्रमाणं खोकत उभे राहिले आणि तब्येतीचं कारण सांगून पुढची तारीख मागू लागले. त्यांच्या शेजारून आवाज आला, “आमचीही हरकत नाही, सर. आम्हालाही थोडा वेळ हवा आहे.” पिकल्या भुवया वर गेल्या. खोकला थांबला.

आयुक्तांनी चष्म्यावरून बघितलं. “दोन्ही पक्षांचं एकमत? कमाल आहे. मग भांडण कशाचं आहे?” आणि जानेवारीची तारीख दिली.

बाहेर आल्यावर त्या वकिलांनी संघपालला चहा पाजला, वर समोसा घेतला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, आज तुम वकील हुए.” समोसा चांगला होता, याचंच संघपालला वाईट वाटलं.

पार्वतीबाई कोर्टाच्या पायरीवर बसून होती. “क्या हुआ, वकीलसाब?”

“तारीख मिली.”

“अच्छी है?” तिनं विचारलं. तारीख चांगली असते की वाईट, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. संघपाल म्हणाला, “अच्छी है.”

पण माणसाला नुसतं गरीब ठेवून भागत नाही, त्याची गरिबी सांभाळावीही लागते. ती भुरटी असते. जरा नजर चुकली की निसटते. डिसेंबरात, तयार झालेल्या टॉवरमधल्या एका बाईसाहेबांनी पार्वतीला स्वयंपाकाचं काम देऊ केलं. महिन्याचा पगार, दोन वेळचं जेवण, जिन्याखाली खोली. ती आनंदानं सांगायला आली. संघपालच्या डोळ्यांपुढं योजनेची अट उभी राहिली. नियमित उत्पन्न म्हणजे गरजू नाही.

“अभी मत लो,” तो म्हणाला. “केस पर असर पडेगा.”

हे खोटं नव्हतं. कुणाच्या केसवर, ते तिनं विचारलं नाही. “आप कहते हो तो ठीक ही होगा,” म्हणून ती परत विटांकडं गेली. त्या दिवशी संघपालनं आपल्या पैशानं तिला कणीक, डाळ आणि तेल नेऊन दिलं. रोख दिले नाहीत. रोख म्हणजे उत्पन्न. जाताना स्वतःच्या उदारपणानं त्याचे डोळे भरून आले. अशा वेळी ते नेहमीच भरून येत.

जानेवारीत गरजूपणाची प्रत्यक्ष पाहणी करायला निरीक्षक येणार, असं कळलं. संघपाल आदल्या संध्याकाळी खोपटात गेला आणि वकिलाच्या नजरेनं बघू लागला. कुणीतरी दिलेला जुना टीव्ही होता, तो चालत नव्हता, पण निरीक्षक लावून थोडाच बघणार? तो त्यानं शेजारच्या खोपटात ठेवायला लावला. प्लास्टिकची खुर्ची बाहेर काढली. मग त्याचं लक्ष ब्लँकेटकडं गेलं. शैलाताईंनी दिलेलं पानिपतचं, जाड, लाल गुलाबांचं, अजून नवंकोरं दिसणारं. खोपटात तेवढी एकच गोष्ट श्रीमंत दिसत होती.

“ये भी?” पार्वतीनं विचारलं.

“एक ही दिन. कल वापस ला दूँगा.”

तिनं स्वतः घडी घालून दिली. वर धूळ बसली होती, ती पदरानं झटकली.

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं. निरीक्षकसाहेबांची गाडी निघू शकली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी धुकं नव्हतं, पण निरीक्षकसाहेबांना सर्दी झाली होती. थंडी होतीच तशी. आणि निरीक्षक कधीही येतील म्हणून ब्लँकेट संघपालच्या घरी, सोफ्याच्या हातावर, गुलाब वर करून पडून राहिलं. पार्वती सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंगावर घेऊन झोपायची. शैलाताई रोज विचारायच्या, “दिलं का रे?” आणि संघपाल म्हणायचा, “पाहणी प्रलंबित आहे.”

पाहणी झाली एकदाची. निरीक्षकांनी आत डोकावून, नाकाला रुमाल लावून लिहिलं, ‘गरजू. समाधानकारक.’ त्या संध्याकाळी संघपालनं ब्लँकेट परत नेऊन दिलं.

जानेवारीच्या तारखेला आयुक्त रजेवर होते. ही तारीख संघपालनं घेतली नव्हती, त्यामुळं त्याला फार हलकं वाटलं. पुढची तारीख होळीनंतरची पडली. म्हणजे सगळं नियमात बसलं आणि त्यात त्याचा अर्धाच हात होता.

होळी झाली, तीन वर्षं भरली. त्यानंतरच्या तारखेला मात्र संघपाल पूर्ण तयारीनं गेला. इतका जोरात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. आदेश झाला, तोही पार्वतीच्या बाजूनं, मागितलं तेवढं सगळं. फक्त देणारा राहिला नव्हता. हिवाळ्यात ती बांधकाम कंपनी बंद झाली होती. टॉवर विकून झाले होते, ऑफिसच्या जागी पिझ्झाचं दुकान आलं होतं आणि संचालक नव्या नावानं दुसरीकडं पाया खणत होते. नोव्हेंबरात आदेश झाला असता तर वसूल करायला ऑफिस होतं, बँकेत खातं होतं, आतमध्ये पैसा होता. आता पिझ्झा होता.

संघपाल धावत मॅडमकडं गेला. “माझा अर्ज मागं घेतो. तिला काही मिळालंच नाही. मी तिची सेवा केलीच नाही, मॅडम.”

मॅडमनी त्याला बसवलं. पाणी दिलं. “काहीच मिळालं नाही? म्हणजे ती अजून गरजू आहे?”

“हो.”

“आणि यापुढंही राहणार?”

“हो. बहुतेक कायमचीच.”

“अहो मग हे तर उत्तम झालं! तीनच वर्षं कशाला, तुमची सेवा निरंतर झाली. तीन वर्षांना अर्धं, पण निरंतर सेवेला पूर्ण साहाय्य आहे. तुमचंच कलम आहे, विसरलात?”

विसरला होता. अट सुचवताना टाळ्यांच्या भरात त्यानं तेही सुचवलं होतं, की जो जन्मभर एकाच गरिबाला धरून राहील त्याचं सगळं कर्ज फेडावं. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं आपलाच फोटो होता.

सत्कार समारंभ झाला. दुसरं पूर्ण साहाय्य अंशुमनला मिळालं. त्यानं बरंच आधी कॉलनीतल्या भटक्या कुत्र्यांच्या वतीनं एक याचिका लावून ठेवली होती. एकच अशील, सलग, आणि गरजूपणात कसलीही सुधारणा नाही. त्यातली काही कुत्री मधल्या काळात मेली, असा आक्षेप आला होता. समितीनं निकाल दिला, की कुत्रा मरतो, समूह मरत नाही.

“थँक्स यार,” अंशुमन संघपालच्या कानात म्हणाला. “ती अट भारी होती तुझी.”

लाभार्थी म्हणून पार्वतीलाही मंचावर बसवलं होतं. मॅडमनी तिच्यापुढं माइक धरला. ती म्हणाली, “वकीलसाब ने हमको कभी नहीं छोड़ा.” सभागृहात इतक्या टाळ्या पडल्या, की संघपालला उभं राहून नमस्कार करावा लागला. त्यानं केलाही. खांद्यावर शाल होती, गरम होती.

एप्रिलमध्ये रावसाहेबांचं कुटुंब यमुनेपलीकडं राहायला गेलं. नवव्या मजल्यावर, दोन बाल्कन्या, वारा छान. ही ब्रजलाल पडला ती इमारत नव्हे. संघपालनं ती खात्री आधीच करून घेतली होती, म्हणजे मनाला लागायला नको. ही दुसरी. ताबा घेताना त्यानं पार्किंग विचारलं, पाण्याचा दाब विचारला, लिफ्ट बंद पडली तर जनरेटर आहे का ते विचारलं. ही इमारत बांधताना वरून कोण पडलं, ते विचारलं नाही. बाबासाहेबांचा फोटो लावताना रावसाहेब म्हणाले, “सनद खाली लावू ना?” संघपाल म्हणाला, “राहू द्या बाबा, नंतर बघू.” ती अजून खोक्यात आहे. प्रलंबित आहे.

पहिल्याच रविवारी पार्वतीबाई आली. पत्ता विचारत विचारत, गेटवर अडवणाऱ्या वॉचमनला ‘हमारे वकील का घर है’ असं सांगत. हातात ब्लँकेट, धुऊन, घडी करून आणलेलं. “गरमी आ गई, माताजी. अब आप रखो. जाड़े में फिर माँग लेंगे.” शैलाताई घडीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना चहा ठेवायचंही सुचेना.

मग ती संघपालकडं वळली. “अगली तारीख कब की है?”

आदेश झाला होता, केस संपली होती, समोर कुणी नव्हतं. तारीख कसली असणार? रावसाहेबांनी पेपर वर धरला. नीलम म्हणाली, “दादा, सांग ना तिला. खरं सांग.”

संघपालनं पार्वतीच्या चेहऱ्याकडं बघितलं. आणि पाण्याचा ग्लास द्यावा तितक्या सहज म्हणाला, “सोलह मई.”

“अच्छी है?”

“अच्छी है.”

ती समाधानानं लिफ्टकडं गेली. लिफ्ट कशी बोलवायची ते तिला माहीत नव्हतं, म्हणून जिन्यानं उतरली. जिना ओळखीचा असावा. असे जिने तिनं वर विटा नेत बांधले होते.

तर महोदय, सोळा मेला ती येणार आहे. तिला काय सांगायचं, ते लेखी कळवा. नियम तुमचा, शब्द संघपालचे, टाळ्या सगळ्यांच्या. यात कुणी चोरी केली नाही, हे आम्हाला मान्य आहे. मग तिचं गेलं कुठं?

आणि तुम्ही, जे संघपालला हसत इथवर आलात, उठू नका. तुम्ही ज्या मजल्यावर बसून हे वाचताय, त्याचा स्लॅब भरला त्या दिवशी खाली कोण पडलं होतं? नाव काय त्याचं? त्याची बायको आज कुणाच्या दारात उभी आहे आणि तिला किती हिवाळे थांबायला सांगितलंत?

उत्तर हवंय. तारीख नको.